थर्माकोल गेले, पंगतीचे काय?

दुपारची मधली सुटी झाली, की बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांच्या व्हरांड्यात खिचडीची पंगत बसते. मोठ्या शहरातल्या महागड्या शाळांप्रमाणे इथे कॅन्टीन नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. जमिनीवर बसायचे आणि जेवायचे. पण कशात जेवायचे? काही शाळांत शाळेची स्टीलची ताटे आहेत. काही ठिकाणी मुले घरून ताटली आणतात, काही दप्तरातला डबाच पुढे करतात. आणि गावातील एखाद्याने वाढदिवसाचे किंवा पुण्यतिथीचे गोड जेवण शाळेला दिले, की त्या दिवशी वापरून फेकायच्या ताटांचे गठ्ठे येतात. काल ही ताटे थर्माकोलची होती. आता ती कागदाची असतात, नाहीतर 'पर्यावरणपूरक' म्हणून विकली जाणारी उसाच्या भुशाची, म्हणजे बगॅसची.

थर्माकोलच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न पर्यावरणवाल्यांचा आहे, आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. संबंध आहे आणि तो फार जुना आहे. या देशात कोणी कशातून खायचे, कोणी कशातून प्यायचे आणि कोणाचे खरकटे कोणी उचलायचे, यावरच तर सारी व्यवस्था उभी राहिली. म्हणून शाळेतले ताट बदलत असताना आपण गप्प बसता कामा नये.

कायदा आला, पण अर्धाच

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलची ताटे, वाट्या, पेले यांच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद, अशी शिक्षा ठरली. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर बंदी आणली. त्याच महिन्यात महाराष्ट्राने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटांनाही बंदीच्या यादीत घातले.

या बंदीचे स्वागतच केले पाहिजे. थर्माकोल कुजत नाही. ते विहिरीत जाते, ओढ्यात जाते, जनावराच्या पोटात जाते. उकिरड्यावर जाळले तर विषारी धूर होतो. ज्या स्टायरीनपासून ते बनते, त्या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये 'माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणारे' या वर्गात टाकले. आणि हा कचरा उचलतो कोण? नगरपालिकेच्या गाडीवरचा सफाई कामगार आणि पाठीवर पोते घेऊन फिरणारी कचरावेचक बाई. यांतील बहुसंख्य लोक कोणत्या वस्तीतून येतात, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको. जेवून ताट फेकणारा एक आणि वाकून ते उचलणारा दुसरा, ही विभागणी थर्माकोलने जन्माला घातलेली नाही. थर्माकोलने ती फक्त स्वस्त केली.

कायद्याने काय वापरायचे नाही ते सांगितले. काय वापरायचे, हे मात्र बाजारावर सोडून दिले. बाजाराने लगेच दुसरे फेकायचे ताट पुढे केले. शाळांच्या बाबतीत हा विषय बाजारावर सोडणे धोक्याचे आहे.

अमेरिकेने काय केले?

अमेरिकेतील सरकारी शाळांत मुलांना वर्षानुवर्षे थर्माकोलसारख्या फोमच्या ट्रेमध्ये जेवण मिळत असे. एकट्या न्यूयॉर्क शहरातील शाळांत दररोज आठ लाखांहून अधिक ट्रे वापरून फेकले जात. तिथल्या पालकांनी २००९ पासून याविरुद्ध आवाज उठवला. आधी आठवड्यातला एक मंगळवार फोमच्या ट्रेशिवाय काढण्याचे ठरले. पुढे न्यूयॉर्क, लॉस एंजलिस, शिकागो, मायामी, डलास आणि ऑर्लँडो या सहा शहरांच्या शाळा एकत्र आल्या. त्यांनी एकत्रित खरेदीच्या बळावर कुजणाऱ्या लगद्याच्या ताटाची किंमत खाली आणली आणि २०१५ मध्ये फोमला शाळेबाहेर काढले. पालक संघटित झाले, शाळा संघटित झाल्या आणि बाजाराला वाकावे लागले. हा धडा घेण्यासारखा आहे.

परंतु त्यांचे उत्तर जसेच्या तसे आपल्याकडे आणता येणार नाही. तिथे मजुरी महाग, ताट धुणारा माणूस महाग, म्हणून चांगले का होईना, पण फेकायचेच ताट त्यांनी निवडले. लगद्याच्या अशा काही ताटांना तेल-पाणी लागू नये म्हणून लावलेली पीएफएएस नावाची घातक रसायने नंतर सापडली आणि अमेरिकेतील काही राज्यांना त्यावरही कायदे करावे लागले. एक फेकायचे ताट काढून दुसरे आणले, की एक दुखणे जाऊन दुसरे येते, हाही त्याच अनुभवाचा धडा आहे.

भांड्याचा इतिहास

आपल्याकडे मात्र ताट कशाचे, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. मनुस्मृतीने चांडाळांना फुटक्या भांड्यात जेवण्याची आज्ञा केली. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. त्याच ग्रंथात गुजरातमधील अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावाची घटना आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या परिस्थितीतील अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्याच कारणाने सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. पाणी तेच, बाई तीच, फक्त मातीचे मडके जाऊन धातूचा हंडा आला. तो हंडा त्यांच्या डोळ्यात सलला.

बाबासाहेबांचे साताऱ्याच्या शाळेतले दिवस आठवा. लहानग्या भीमरावाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेचे नव्हते. संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. आणि शिपाई नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. आज जेव्हा एखाद्या शाळेत 'ज्याने त्याने आपली ताटली घरून आणावी' असे सांगितले जाते, तेव्हा मला ते गोणपाट आठवते. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही, खर्च वाचवण्याचाच हेतू असेल. पण ज्या गावात अजून पाणवठे आणि स्मशाने वेगळी आहेत, त्या गावात 'आपापले भांडे' या दोन शब्दांना इतिहास आहे.

या उलट राजर्षी शाहू महाराजांनी काय केले? गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून द्यायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन लोकांदेखत चहा घेतला. महाराजांनी घरून कप नेला नव्हता. गंगारामांच्या कपाला ओठ लावला, यातच ती क्रांती होती.

'जुनी पत्रावळ' आठवणाऱ्यांसाठी

थर्माकोलवर बंदी आली तेव्हा अनेक विद्वानांना आपली जुनी संस्कृती आठवली. पूर्वी पळसाच्या पानांच्या पत्रावळी होत्या, द्रोण होते, सारे कसे मातीत मिसळून जात होते, असे कौतुकाचे लेख आले. पळसाच्या पानाशी आमचे भांडण नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पळस आहे आणि पत्रावळी लावून कोणाला चार पैसे मिळत असतील तर ते मिळावेत. परंतु त्या पंगती उठल्यावर त्या पत्रावळी उचलायला कोण येत होते? पंगतीबाहेर, ओट्याखाली, उन्हात टोपले घेऊन कोण बसून होते? त्या पत्रावळीवरचे उष्टे हा ज्यांचा 'हक्क' ठरवला होता, ती माणसे या कौतुकाच्या लेखांत कुठेच दिसत नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे अन्न आणि मृत जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, ते उगाच नव्हे.

फेकायच्या ताटाची खरी सोय इथेच आहे. ते ताट पानाचे असो, थर्माकोलचे असो की बगॅसचे, त्यामुळे 'कोणाचे ताट कोणी धुवायचे' हा प्रश्न टळतो. दलिताने वापरलेले ताट सवर्णाने विसळायचे नाही, दलिताने ज्यात खाल्ले त्यात उद्या दुसऱ्याने खायचे नाही. हॉटेलात दोन पेल्यांची पद्धत होती. कायद्याने तिला गुन्हा ठरवले, तेव्हा कित्येक ठिकाणी प्लास्टिकचा पेला मदतीला धावून आला. वरून पाहिले तर स्वच्छता, आतून पाहिले तर सोवळे.

शाळेतली पंगत

पण आता शाळेत असे काही होत नाही, असे म्हणणारे भेटतील. सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात दौदापूरच्या सरकारी प्राथमिक शाळेत अनुसूचित जातीच्या मुलांची ताटे वेगळी ठेवली जात असल्याचे उघड झाले. ती मुले आपली ताटे आपणच धूत. बाकीच्यांची ताटे स्वयंपाकिणी धूत. मुख्याध्यापिकेला निलंबित करावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवायला सवर्ण मुलांनी नकार दिला. तिला काढून टाकण्यात आले. देशभर ओरड झाल्यावर परत घ्यावे लागले. या दोन घटना उघडकीस आल्या म्हणून आपल्याला कळल्या.

शाळेतले शिजवलेले जेवण ही कोणाची मेहेरबानी नाही. १९९५ मध्ये केंद्राची योजना आली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या याचिकेवर शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले, की स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे. हा आदेश फार दूरदृष्टीचा होता. मुलांनी लहानपणी एका पंगतीत, एका हातचे खाल्ले तर पुढच्या पिढीत विटाळाची किळस राहणार नाही, हा त्यामागचा विचार. पण एका पंगतीत बसवून प्रत्येकापुढे वेगळे भांडे ठेवले, तर त्या विचाराचा अर्धा भाग कापला जातो. आणि त्यात गरिबीही उघडी पडते. एकाचे चकचकीत खणांचे ताट, दुसऱ्याची पोचे पडलेली जर्मनची ताटली, तिसरा नुसता डब्याचे झाकण घेऊन आलेला. सात वर्षांच्या मुलाला हे कळत नाही, असे समजू नका. त्यालाच ते सर्वांत आधी कळते.

ताट उसाचे, पोर उसाच्या फडात

आता 'बगॅसचे ताट' या नव्या पर्यायाकडे येऊ. ऊस गाळल्यावर जो भुसा उरतो, त्याचा लगदा करून ही ताटे बनतात. भुसा पूर्वीही वाया जात नव्हता. कारखाने तो जाळून वीज करतात, त्याचा कागद होतो. आता ताटही होते. कारखान्याच्या दृष्टीने उसाचे काहीच फुकट जात नाही. फुकट जाते ते फक्त ऊस तोडणाऱ्याच्या पोराचे वर्ष.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली, की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात. त्यांच्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, भूमिहीन मराठाही आहेत. मागे आजी-आजोबा असतील तर पोर गावात राहते. नसतील तर तेही फडावर जाते, धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते. शाळेच्या पटावर त्याचे नाव असते, पंगतीत त्याची जागा रिकामी असते. त्याच्या नावचे शंभर-दीडशे ग्रॅम धान्य त्या सहा महिन्यांत कोणाच्या पोटात जाते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी सर्व शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, तीत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. योजना चांगली आहे, तिच्यामागे लागले पाहिजे. पण ज्या उसाच्या भुशाचे ताट 'निसर्गाचे मित्र' म्हणून विकत घ्यायचे, तोच ऊस आई-बाप तोडत असताना त्यांच्या पोराच्या वाट्याला ना ताट, ना खिचडी, ना शाळा, हा कोणता पर्यावरणवाद? निसर्ग वाचवायचा तर त्यात हे पोर धरले पाहिजे.

पाणी नाही, पैसा नाही

स्टीलची ताटे म्हटली, की पहिला आक्षेप येतो, बीडमध्ये पाणी कुठे आहे? आक्षेप खोटा नाही. २०१३, २०१६ आणि २०१९ चे उन्हाळे इथल्या माणसाने टँकरच्या रांगेत काढले आहेत. प्यायला पाणी नसताना ताटे कशाने धुवायची? पण हिशेब करून पाहा. एका ताटाला लिटरभर पाणी धरले, तर शंभर मुलांच्या शाळेला दिवसाला शंभर लिटर लागते. म्हणजे दोनशे लिटरचा अर्धा ड्रम. आणि एक किलो साखर तयार व्हायला उसाला लागणारे पाणी धरून दोन हजार लिटरच्या आसपास पाणी खर्च होते. एक किलो साखरेच्या पाण्यात शंभर मुलांची वीस दिवसांची ताटे धुऊन निघतात! ज्या दुष्काळी जिल्ह्यात उसाला पाणी मिळते, त्या जिल्ह्यात शाळेच्या अर्ध्या ड्रमला पाणी नाही, हे निसर्गाचे काम नाही. पाण्याचे वाटप करणाऱ्यांचे आहे. ज्यांना आजही गावच्या पाण्यासाठी झगडावे लागते, त्यांना चवदार तळ्याचा अर्थ नव्याने सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. फेकायचे ताट दोन रुपयांचे धरले आणि शाळा दोनशे दिवस चालली, तर शंभर मुलांचे वर्षाला चाळीस हजार रुपये होतात. स्टीलचे ताट दीडशे रुपयांचे धरले तर शंभर ताटांना पंधरा हजार लागतात आणि ती दहा वर्षे टिकतात. केंद्राने २०१९ मध्ये स्वयंपाकाच्या साहित्याचा निधी शाळेमागे सरसकट पाच हजारांवरून पटसंख्येनुसार दहा ते पंचवीस हजारांपर्यंत वाढवला. शंभर पटाच्या शाळेला त्यातून पंधरा हजार मिळतात, पण त्यात शेगडी आली, पातेली आली, कोठ्या आल्या. तेव्हा ताटांसाठी ग्रामपंचायतीने आपल्या सर्वसाधारण निधीतून भर घालावी. मागासवर्गीयांसाठी राखलेल्या पंधरा टक्क्यांना मात्र हात लावू नये. ताटे सगळ्या गावाच्या मुलांची आहेत, खर्चही सगळ्या गावाचा झाला पाहिजे.

तिसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण खरा तोच आहे. धुणार कोण? स्वयंपाकी व मदतनीस बाईला केंद्राकडून महिन्याला एक हजार रुपये मानधन ठरले ते २००९ मध्ये, वर्षातले दहा महिने. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ मध्ये ते अडीच हजार केले. कामाचे दिवस पंचवीस धरले तर रोजचे शंभर रुपये. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. चूल पेटवायची, शिजवायचे, वाढायचे, झाडायचे आणि वर शंभर ताटे घासायची, तीही शंभर रुपयांत, हे चालणार नाही. 'मानधन' या गोड शब्दाखाली मजुरी चोरली जाते आहे. ताटे धुण्याचे काम वाढवायचे तर त्याची मजुरी वेगळी द्या. आणि मुलांनीच आपापले ताट विसळायचे असे ठरले, तर सरपंचाच्या नातवापासून सर्वांनी विसळायचे. मैनपुरीसारखे काहींनीच नव्हे.

आपण काय करायचे?

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. आपल्या वस्तीतले पालक त्या बैठकीला जातात का, की मुख्याध्यापक सहीसाठी रजिस्टर घरी पाठवतात? बैठकीत जा आणि चार गोष्टी मागा. ताटे शाळेच्या मालकीची, एकसारखी आणि स्टीलची असावीत, कोणत्याही ताटावर कोणाचे नाव वा खूण नसावी. धुण्यासाठी पाण्याची टाकी आणि पुरेशी मजुरी असावी. स्वयंपाकी-मदतनीस नेमताना २००४ चा आदेश पाळावा. आणि स्थलांतरित मुलाचे ताट तो जिथे असेल तिथे, वसतिगृहात किंवा कारखान्याच्या जवळच्या शाळेत, त्याला मिळावे. ठरावाची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहे.

ताटात काय पडते, हेही पाहत राहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा काढून घेतला. स्टीलच्या चकचकीत ताटात पातळ खिचडी वाढून कोणी आपले समाधान करू नये.

आणि शेवटी थोडे आपल्या घरात डोकावू. १४ एप्रिलच्या जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ६ डिसेंबरला आपणही अन्नदान करतो. कार्यक्रम संपल्यावर मैदानावर फेकलेल्या ताट-पेल्यांचा जो खच पडतो, तो उचलायला पहाटे आपलाच भाऊ, आपलीच बहीण झाडू घेऊन येते. ज्या महामानवाने आपल्याला दुसऱ्याचे उष्टे सोडायला शिकवले, त्यांच्याच जयंतीला आपले उष्टे आपल्याच माणसाला उचलायला लावायचे, हे शोभत नाही. प्रत्येक बुद्धविहाराने वर्गणीतून शे-दोनशे स्टीलची ताटे घ्यावीत, कार्यकर्त्यांनी बाह्या सरसावून ती स्वतः धुवावीत आणि गावातल्या शाळेने मागितली तर तिथल्या पंगतीलाही द्यावीत. विहाराच्या ताटात गावातली सगळी मुले जेवतील, त्या दिवशी गावाला काही नवीन कळेल. न जेवणारे निघाले, तर आपल्यालाही कळेल की लढाई कुठवर आली आहे.